शाळेतील मुलांची सुरक्षितता आणि आपण सभासद



शेतकी विभागाच्या या पानावर एरवी आपण बेणेप्रक्रिया, खतांच्या मात्रा आणि खोडव्यातील पाचट यांविषयी वाचता. या वेळचा विषय निराळा आहे. ‘ऊस विकासवाल्यांनी शाळेत कशाला लक्ष घालायचं?’ असे कोणी विचारील. त्याचे उत्तर देण्यासाठी आधी आमच्याच विभागाची एक चूक सांगावी लागेल.

मागील लागण हंगामात आम्ही एका गटात प्लॉटची पाहणी करून दुपारी परतत होतो. ऊन फार होते. वाटेतल्या प्राथमिक शाळेत पाणी प्यायला थांबलो. मुलांची खिचडी नुकतीच शिजली होती. स्वयंपाक करणाऱ्या मावशी एका पाच लिटरच्या कॅनमधून पातेल्यात पाणी ओतत होत्या. कॅनवरचा कागद खरवडून काढला होता, पण खालच्या कोपऱ्यात पिवळा त्रिकोण अर्धा शिल्लक होता. तो क्लोरपायरीफॉसचा कॅन होता. आम्ही विचारले तेव्हा मावशी म्हणाल्या, “तीनदा राखेनं घासलाय साहेब, सोड्यानं धुतलाय. वाससुद्धा येत नाही आता.”

मावशींचा दोष नव्हता. चांगला घट्ट झाकणाचा कॅन कोणी फेकून देत नाही. तो एका सभासदाने शाळेला दिला होता, आणि त्या सभासदाला तो आपल्याच कारखान्याच्या गट ऑफिसमधून मिळाला होता. औषध वाटताना एकरी किती, पाण्यात किती, केव्हा सोडायचे हे सगळे आम्ही सांगितले. रिकाम्या कॅनचे काय करायचे, हे मात्र सांगितले नाही. ती चूक आमची. म्हणून हा लेख.

१६ जुलै : एक तारीख, दोन शाळा

बिहारमध्ये सारण जिल्ह्यात धर्मासती गंडामन नावाचे गाव आहे. तेथील प्राथमिक शाळेत १६ जुलै २०१३ रोजी दुपारचे जेवण खाऊन २३ मुले दगावली. तेलाचा वास निराळा येतो, हे स्वयंपाकिणीच्या लक्षात आले होते. भाजी कडू लागते, असे मुलांनीही सांगितले होते. तरी जेवण थांबले नाही. पुढे तपासणीत तेलाच्या डब्यात आणि शिजलेल्या अन्नात मोनोक्रोटोफॉस सापडले. आपल्यापैकी अनेकांनी हे औषध वर्षानुवर्षे फवारले आहे. मुलांना आधी जवळच्या दवाखान्यात, मग छपऱ्याला, मग पाटण्याला हलवावे लागले, आणि या धावपळीत मोलाचा वेळ गेला. मुख्याध्यापिकेला २०१६ साली न्यायालयाने शिक्षा ठोठावली. पण शिक्षेने मुले परत येत नाहीत.

याच तारखेला, नऊ वर्षे आधी, म्हणजे १६ जुलै २००४ रोजी, तामिळनाडूतील कुंभकोणम येथे एका शाळेला आग लागली होती. आग स्वयंपाकाच्या जागेतून निघाली आणि झावळ्यांच्या छपराने पेट घेतला. जिना अरुंद होता. वरच्या मजल्यावरची लहान मुले बाहेर पडू शकली नाहीत. त्या आगीत ९४ मुले गेली. या घटनेनंतरच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी निकाल दिला. शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क येतोच, असे न्यायालयाने स्पष्ट केले आणि शाळांमध्ये अग्निशामक साधने व कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण असलेच पाहिजे, असे सांगितले.

या दोन्ही घटना नीट पाहिल्या तर एक गोष्ट ध्यानात येते. दोन्ही ठिकाणी आकाश कोसळले नव्हते. एके ठिकाणी एक डबा होता, दुसरीकडे एक चूल आणि एक जिना. रोज डोळ्यांसमोर असलेल्या वस्तू होत्या. कोणीतरी आदल्या दिवशी त्या पाहून ‘हे बरोबर नाही’ म्हणायला हवे होते. आदल्या दिवशी पाहणारा तो माणूस आपल्या गावात आपणच व्हायचे आहे.

औषधाचे डबे

औषधाच्या डब्यावर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिशय विषारी, पिवळा म्हणजे खूप विषारी, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे त्यामानाने कमी. हिरवा म्हणजे निर्धोक असे मात्र समजू नये. मोनोक्रोटोफॉसवर लाल त्रिकोण असे. केंद्र सरकारने २०२३ साली त्याच्या ३६ टक्के द्रावणावर बंदीचा आदेश काढला. पण आदेश निघाला म्हणून गोठ्याच्या फळीवरची जुनी बाटली आपोआप नाहीशी होत नाही. आज घरी गेल्यावर ती फळी एकदा पाहावी, ही विनंती.

कॅन कितीही धुतला तरी का चालत नाही, ते समजून घ्यावे. फवारणीची बरीच औषधे तेलकट द्रावणात असतात. ती प्लास्टिकच्या अंगात मुरतात. धुतल्याने वरचा थर जातो, मुरलेले राहते आणि पुढे पाण्यात, तेलात थोडे थोडे उतरत राहते. तेलात तर जास्तच. लोणच्याची बरणी कितीही घासली तरी तिचा वास जात नाही, तसेच हे. फरक इतकाच, की लोणच्याने माणूस मरत नाही.

म्हणून रिकामा कॅन फवारणीच्या वेळीच तीनदा विसळावा आणि ते पाणी पंपातच ओतावे, म्हणजे औषधही वाया जात नाही. नंतर कॅनला खिळ्याने दोन-तीन भोके पाडावीत. भोके पाडलेला कॅन ना पाण्याला उपयोगी पडतो, ना तेलाला, ना रॉकेलला. तो जाळू नये आणि विहिरीच्या किंवा ओढ्याच्या कडेला टाकू नये. औषध कधीही सरबताच्या वा तेलाच्या बाटलीत काढून ठेवू नये. मुलाला बाटली ओळखू येते, आतले औषध ओळखू येत नाही.

कोणा मुलाच्या पोटात औषध गेले तर तोंडाला लाळ सुटते, डोळ्यांतून पाणी येते, घाम फुटतो, उलट्या होतात, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. अशा वेळी मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोटे घालून उलटी करवू नये; औषध फुप्फुसात जाते. मूल बेशुद्ध असेल तर कुशीवर झोपवावे. कपड्यांवर सांडले असेल तर कपडे काढून अंग साबणाने धुवावे. धुणाऱ्याने आपल्या हातालाही औषध लागू देऊ नये. ताबडतोब १०८ ला फोन करावा आणि औषधाचा डबा किंवा त्याचा कागद दवाखान्यात बरोबर न्यावा. कोणते विष आहे हे कळले की डॉक्टरांना उपचार लगेच सुरू करता येतो.

शाळेतली चूल

शाळेच्या जेवणाबद्दल नियम आहे, की मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकासह मोठ्या माणसांनी ते चाखून पाहावे. बऱ्याच शाळांत त्यासाठी चवीची नोंदवही असते. पण नोंदवहीत सही असणे आणि घास खाल्लेला असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण पालक म्हणून अधूनमधून जेवणाच्या वेळी शाळेत जावे आणि एक घास आपणही खावा. चव कडू लागली, वास वेगळा आला, तर जेवण तिथेच थांबवावे. पन्नास मुलांची खिचडी वाया गेली तर नुकसान किती होईल, याचा हिशेब करत बसू नये.

स्वयंपाकाची जागा वर्गापासून वेगळी असावी. सिलिंडर उभा असावा आणि काम झाल्यावर रेग्युलेटर बंद करावा. तांदळाची पोती, सरपण, मोडकी बाके हे सगळे वऱ्हांड्यात दाराशी रचलेले आम्ही किती तरी शाळांत पाहिले आहे. आग लागली की मुले त्याच दाराकडे धावतात. शाळेच्या शेजारी ज्यांचा ऊस आहे त्यांना आमचे वेगळे सांगणे आहे. पाचट जाळू नका, हे आम्ही जमिनीच्या सुपीकतेसाठी सांगत आलो. शाळेशेजारच्या रानात ते मुलांच्या जिवासाठी पाळा.

कपड्यांनी पेट घेतला तर मुलाने पळू नये. थांबावे, खाली झोपावे, लोळावे. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. शाई, टूथपेस्ट, हळद, तूप यांपैकी काही लावू नये.

हंगामातला रस्ता

बॉयलर पेटला की आपल्या रस्त्यांचे रूप पालटते. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, ट्रक, बैलगाड्या, आणि शाळा भरायची-सुटायची वेळही तीच. धावत्या ट्रॉलीतून उसाचे कांडे ओढायची मुलांना हौस असते. खरे सांगायचे तर आपल्यापैकी कोणी लहानपणी कांडे ओढले नाही? पण तेव्हा बैलगाडी होती. आता मागची ट्रॉली चाक चुकवायला वेळ देत नाही, आणि ड्रायव्हरच्या कानात टेपचा आवाज असतो.

यासाठी तीन गोष्टी कराव्यात. आपल्या उसाची वाहतूक करणाऱ्याला बजावावे, की शाळेजवळून जाताना वेग कमी आणि गाणी बंद. ट्रॉलीच्या मागे लाल परावर्तक पट्टी नसेल तर ती लावल्याशिवाय आपल्या फडातून गाडी भरू नये. आणि आपल्या मुलाला घरी सांगावे, की ऊस खायचा तर घरचा फड आहे, गाडीमागे धावायचे नाही. खाऊ म्हणून त्याला एक कांडे दप्तरात दिले तर हे सांगणे अधिक पटेल.

साप, वीज आणि भूकंप

उसाच्या भागात उंदीर आणि उंदरामागे साप हे आलेच. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार मुख्य विषारी साप. शाळेच्या कुंपणालगतचे गवत, सरपणाचा ढीग आणि मुताऱ्यांमागची अडगळ दर महिन्याला साफ झाली पाहिजे. साप चावला तर जखम कापू नये, चोखू नये, वर करकचून बांधू नये. हातातले कडे, पायातले पैंजण काढावेत. चावलेला हात किंवा पाय फळी बांधून हलणार नाही असा ठेवावा. मुलाला चालवू नये, उचलून न्यावे. सापाला शोधत, मारत वेळ घालवू नये. प्रतिविषाचे इंजेक्शन सरकारी दवाखान्यात मिळते. मांत्रिकाकडे जाऊन मग दवाखान्यात गेलेल्या मुलासाठी कधी कधी उशीर झालेला असतो.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात वीज पडते. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजावेत. तीसच्या आत गडगडाट आला तर मुलांना मैदानातून आत घ्यावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर सोडू नये. झाडाखाली उभे राहणे सर्वांत धोक्याचे. वाटेतल्या चिंचेखाली, आंब्याखाली मुले थांबतात, तेव्हा हे घरी सांगायला हवे.

भूकंप आपल्याला परका नाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा, दोन्ही पहाटेच्या अंधारात झाले. शाळा तेव्हा रिकाम्या होत्या. २६ जानेवारी २००१ चा गुजरातचा भूकंप मात्र सकाळी पावणेनऊच्या सुमारास झाला आणि अंजार येथे प्रजासत्ताक दिनाच्या फेरीत निघालेली मुले अरुंद गल्लीत सापडली. जमीन हलू लागली तर बाकाखाली बसून बाकाचा पाय धरावा. आपल्या बऱ्याच शाळांत लहान मुले पट्टीवर बसतात, बाक नसते. तेथे आतल्या भिंतीच्या कोपऱ्यात खाली बसून दोन्ही हातांनी डोके झाकावे. हादरे थांबल्यावर मैदानात यावे. भिंतीवरचे कपाट, पंखे, वरची कौले ढिली आहेत का, हे आधीच पाहून ठेवावे.

सराव केल्याशिवाय उपयोग नाही

वरचे सगळे वाचून कपाटात ठेवले तर काही उपयोग नाही. पोहण्याचे पुस्तक वाचून कोणी विहिरीत पोहत नाही. सरावाने काय होते याचे उदाहरण जपानातले आहे. ११ मार्च २०११ रोजी तेथे मोठा भूकंप होऊन समुद्राची प्रचंड लाट आली. कामाईशी या गावच्या शाळांत वर्षानुवर्षे पळण्याचा सराव घेतला जात होता. उनोसुमाई भागातील मोठ्या मुलांनी लहान मुलांचे हात धरले आणि ठरलेल्या जागी नेले. तेथेही धोका दिसला तेव्हा ती आणखी उंचावर गेली. त्या गावातील सुमारे तीन हजार शाळकरी मुलांपैकी जवळजवळ सगळी वाचली.

आपल्याकडे समुद्राची लाट नाही, पण पद्धत तीच. ज्या शाळेत तो कॅन सापडला, तेथे आम्ही मुख्याध्यापकांना भेटून आमची चूक सांगितली आणि त्यांनी पुढच्याच महिन्यात सराव घेतला. आम्हीही गेलो होतो. नेहमीची घंटा टोलाटोलाने होते. ही न थांबता वाजवायची असे ठरले. दप्तरे तिथेच ठेवून मुले रांगेने मैदानातल्या लिंबाशी आली. हजेरी झाली. पटाप्रमाणे एक मूल कमी निघाले. ते मुतारीत होते. घंटा ऐकूनही त्याला वाटले, की मधली सुट्टी झाली. मग शिक्षकांनी पुन्हा मोजले, तर रांगेत एक मुलगी जास्त होती. ती ऊसतोडणी कामगाराची, कोपीवरून आलेली. दोन दिवसांपासून भावाबरोबर वर्गात बसत होती, पटावर नाव नव्हते. खरीच आग लागली असती, तर ती आत राहिल्याचे कोणाला कळलेही नसते.

त्या दिवशी शाळेने दोन नियम केले. घंटा झाल्यावर एका शिक्षकाने मुताऱ्या आणि स्वयंपाकघर पाहूनच बाहेर यायचे. आणि रोज सकाळी पटावरची नव्हे, वर्गात बसलेली मुले मोजून फळ्यावर आकडा लिहायचा. या दोन नियमांना एक पैसाही लागला नाही. सराव घेतला नसता तर ते सुचलेही नसते.

सभासदांनी करावयाच्या गोष्टी

आपल्या हाती काहीच नाही असे समजू नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला असतात. म्हणजे या समितीत आपलेच घरचे लोक आहेत. कारखान्याच्या सर्वसाधारण सभेत आपण उसाच्या दरावर जसे उभे राहून प्रश्न विचारता, तसे तेथेही विचारावेत. त्यासाठी खालील गोष्टी लक्षात ठेवाव्यात :

१. शाळेत औषधाचा एकही जुना कॅन, डबा वा पोते वापरात नसावे.

२. स्वयंपाकाचे तेल बंद पाकिटातले असावे आणि वेगळे ठेवलेले असावे.

३. दारे, वऱ्हांडा, जिना मोकळा असावा. दाराला बाहेरून कडी लावून वर्ग भरवू नये.

४. आग विझवण्याचे साधन असावे, त्याची मुदत संपलेली नसावी आणि ते चालवता येणारी दोन माणसे तरी शाळेत असावीत. वाळूच्या दोन बादल्या असाव्यात.

५. शाळेजवळच्या उघड्या विहिरीला कठडा किंवा जाळी असावी. विहीर सभासदाची असेल तर त्यानेच ते काम करावे.

६. १०८, ११२ आणि १०१ हे क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवावेत. जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचा क्रमांक आणि गावातल्या दोन गाडीवाल्यांचे क्रमांकही त्याखाली असावेत.

७. वर्षातून किमान दोनदा सराव घ्यावा : एकदा शाळा उघडल्यावर आणि एकदा गळीत हंगाम सुरू झाल्यावर, म्हणजे तोडणी कामगारांची मुलेही त्यात येतील.

आमच्या बाजूने सांगायचे, तर आता प्रत्येक गट ऑफिसमध्ये औषध देताना चिटबॉयने रिकाम्या कॅनबद्दल सांगायचे, असे आम्ही ठरवले आहे. भोक पाडलेले जुने कॅन परत घेण्याची सोय करावी, असा प्रस्ताव संचालक मंडळापुढे ठेवला आहे. मंजुरी मिळताच याच पानावर कळवू. तोपर्यंत कॅन गोठ्यात कुलपात ठेवावेत, पण कोणाला देऊ नयेत. शाळेला तर नाहीच.

त्या मावशींना आम्ही दुसऱ्या दिवशी स्टीलची एक कळशी नेऊन दिली. त्यांनी ती घेतली आणि जुना कॅन आमच्या हाती देत म्हणाल्या, “साहेब, आधी सांगितलं असतं तर दारात आणला नसता.” त्यांचे म्हणणे खरे होते. म्हणून आता आधी सांगत आहोत. तरी सर्व सभासदांनी आपल्या गावच्या शाळेत या आठवड्यात एकदा जाऊन यावे, ही नम्र विनंती.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग